सरूच्या झाडावरचा संशय

ही गोष्ट अगदी खरी आहे, मुलांनो, गळ्याची शपथ. मी स्वतः तिथे हजर होतो. म्हणजे हजर नव्हतो. पण जो होता त्याच्याकडून ऐकली, आणि आमच्या गावात माझ्या खालोखाल खरं बोलणारा तोच.

एका जंगलात एक बुलबुल राहत असे. भारी संशयी. तिची अंडी घालायची वेळ आली तेव्हा सगळी झाडं उघडीबोडकी झाली होती. हिरवंगार उभं होतं ते एकटं सरूचं झाड, उंच, निमुळतं, दाट. 'साऱ्या रानाची पानं गळली, मग याचीच कशी टिकली?' बुलबुलच्या मनात पाल चुकचुकली. तिने सुतारपक्ष्याला बोलावलं. त्याने खोड वरपासून खालपर्यंत ठोकून पाहिलं आणि मान हलवली. "सात पिढ्या लाकूड पोखरतोय आम्ही. याच्यात वाळवी नाही, भुंगा नाही, औषधाला एक अळी नाही. वर हा घमघमाट. मी तर नाही राहणार, बाई."

"ऐकलंस ना, ताई?" शेजारचा कावळा हळूच म्हणाला. "ज्याला काही लपवायचं असतं, तोच अत्तर लावतो. तू आपली सावरीवर राहा. तिथे सगळं कसं उघडं. मी आहेच लक्ष ठेवायला."

बुलबुलने सावरीच्या बोडक्या फांदीवर घरटं बांधलं आणि पहिलं अंडं घातलं. चार दाणे टिपून परत येते, तर घरटं रिकामं. कावळा फांदीला चोच पुसत होता. "सरूवरून कोणीतरी आलं होतं बघ," तो म्हणाला. त्याच्या चोचीच्या कडेला पिवळं लागलं होतं. बुलबुलने ते पाहिलं. दुसरं अंडं उद्या सकाळी येणार होतं. दिवस मावळेपर्यंत तिने एकेक काडी ओढून सरूच्या पोटात नेली, तेही भीत भीतच.

पुढे कावळ्याने पुष्कळ घिरट्या घातल्या, पण हिरव्या भिंतीपलीकडे त्याला काही दिसेना. एकदा त्याने डोकं आत खुपसलं, तर चोचीला राळ चिकटली आणि तो सतरा वेळा शिंकला. वादळात सावर करकरली. सरूच्या आत पिल्लाचं पीसही हललं नाही. तरी बुलबुल रोज सकाळी खोडाला एक चोच मारून पाहायचीच. वास तेवढा यायचा.

आता कबूल करतो, सतरा शिंका माझ्या पदरच्या. शिंक एकच होती, आणि तीही बहुधा माझी. पहिलं अंडं मात्र खरंच गेलं.

तात्पर्य : कोणी दुसऱ्यावर संशय घ्यायला सांगितलं, तर आधी सांगणाऱ्याची चोच पाहावी.