तरलेच्या गळ्यातली माणके

एका राज्यात सकाळ झाली की लोक आधी कानोसा घेत आणि मग दारे उघडत. राजकन्या शांत असेल तर बाजार भरे. ती रडत असेल तर जो तो घरात कोंडून घेई. कारण सहा वर्षांची तरला संतापली, की नगरातला एक माणूस उभ्या जागी दगड होई.

तिचा पिता राजा रणधवल मोठा पराक्रमी. काळकंठ मांत्रिकाचा पाडाव करून त्याने त्याचा खजिना आणला होता. एके दिवशी तरलेने पालखीत बसण्याचा हट्ट धरला. राजा आधी गरजला, मग त्याने हात उगारला. तरी हुंदके थांबेनात, तेव्हा वैतागून त्याने खजिन्यातली माणकांची माळ तिच्या गळ्यात घातली.

"घे, पण गप्प बस!"

तरला गप्प बसली. माळेने मात्र गळ्याला असा विळखा घातला, की सोनारांनाही ती निघेना. दुसऱ्या दिवशी ती दुधावरून रडली आणि मुदपाकखान्यातला आचारी हातातल्या पळीसकट पाषाण झाला.

तेव्हापासून राजा कधी मारी, कधी मागेल ते देई. माराने रडणे वाढे, देण्याने हट्ट वाढे. दगड झालेल्यांची गणती चाळीस झाली. एकेचाळिसावी राणी इरावती. लेकीची वेणी घालता घालता ती थिजली.

राजाने तलवार उपसली, ती माळ कापण्यासाठी. पण तरला पलंगाखाली शिरली आणि तिथून किंचाळली, "बाबा, मला मारू नका!"

राजाच्या हातातली तलवार गळून पडली. तो तसाच अरण्यात निघाला.

अरण्यात एक बोलणारा, मंत्र जाणणारा धनेश पक्षी राहत होता. त्याची मादी झाडाच्या ढोलीत पिलांसह कोंडून बसलेली. तो फटीतून एकेक फळ आत देत होता. राजा म्हणाला, "पक्षिराज, माझ्या मुलीवर मंत्र घाल."

"मुलीवर मंत्र चालत नाही. शिकायचे असेल तर तू शीक."

"मी? मी शंभर किल्ले घेतले आहेत."

"म्हणूनच उशीर झाला," धनेश म्हणाला. "तीन कामे आहेत. जमतील?"

राजाने मान खाली घातली. "जमवीन."

पहिले काम सात दिवसांचे. रोज घटकाभर मुकुट काढून मुलीशेजारी जमिनीवर बसायचे, तिचा खेळ खेळायचा, आज्ञा करायची नाही. तरला मातीचे हत्ती करत होती. राजा बसताच म्हणाला, "याचे पाय सरळ कर." तरलेचा ओठ थरथरला. राजामागोमाग आलेल्या धनेशाची चोच खिडकीत वाजली. "आज्ञा झाली, राजा." रणधवलाने जीभ चावली, मातीचा गोळा घेतला आणि मुकाट्याने एक वाकड्या पायांचा हत्ती केला. तरला एक बोटभर त्याच्याकडे सरकली.

दुसरे काम सात दिवसांचे. तिने जे चांगले केले, ते त्याच क्षणी तिला बोलून दाखवायचे.

"मला काहीच दिसत नाही," पहिल्या दिवशी राजा म्हणाला.

"चुका शोधायची सवय आहे डोळ्यांना. थांब."

संध्याकाळी तरलेने पानावर घेऊन एक मुंगी पाण्यातून काठावर सोडली. राजा म्हणाला, "तू मुंगीला वाचवलेस. मला फार आवडले." तरला त्याच्याकडे टक लावून पाहत राहिली, जणू तो परमुलखातली भाषा बोलला होता.

या चौदा दिवसांत तीनच माणसे दगड झाली. पण तीनही घरांतले आक्रोश राजवाड्यापर्यंत आले. प्रधान म्हणाला, "महाराज, प्रजा धीर सोडते आहे."

"तिसरे काम सांग," राजाने धनेशाला विनवले.

"माळ काढायला सांग. एकदाच, शांतपणे. काढली तर काय, नाही काढली तर काय, तेही सांग. मग हात उगारायचा नाही आणि शब्द फिरवायचा नाही."

"ती संतापली तर?"

"संतापेल. आजवर संतापली नसेल इतकी."

"दगड कोण होईल?"

"या वेळी तू."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी राजा तरलेसमोर बसला. "तरले, माळ काढून माझ्या हातात दे. मग आपण नावेतून तळ्यात जाऊ. माळ गळ्यात असेपर्यंत नाव नाही."

"मला आत्ता नाव हवी!"

राजा तसाच बसून राहिला. तरलेने लोळण घेतली, हत्ती फोडले, त्याच्या दंडाला कडकडून चावली. राजाची पावले गार पडली. दगड गुडघ्यांवर चढला, मग कमरेवर.

प्रधान धावत आला. "महाराज, न्या तिला नावेतून! नाहीतर चाबूक मागवतो! राज्य पोरके होईल!"

"प्रधानजी, बाहेर थांबा."

दगड छातीला भिडला. राजाच्या उजव्या हाताला जुनी शिवशिव आली. त्याच्या बापाचा हातही असाच उठत असे. मूठ वर गेली. रणधवलाने ती उघडली आणि तळवा वर करून गुडघ्यावर ठेवला. तसाच तो हात पाषाण झाला.

"मी इथेच आहे, तरले," तो म्हणाला.

किंकाळ्यांचे हुंदके झाले. तरला रांगत जवळ आली. तिने त्या गार तळव्याला बोट लावले.

"बाबा, मारणार नाही?"

"नाही."

"आणि नावही नाही?"

"माळ काढेपर्यंत नाही."

दगड हनुवटीला लागला होता. तरलेने नाक पुसले आणि दोन्ही हात मानेमागे नेले. जी कडी सोनारांच्या छिन्नीला दाद देत नव्हती, ती तिच्या चिमुकल्या बोटांनी सुटली. तिने माळ बापाच्या तळव्यावर ठेवली. माणके विझल्या निखाऱ्यांसारखी काळी पडली आणि दगडाला तडा गेला.

राजाला श्वास आला, तसा पहिला शब्द निघाला, "तू स्वतः काढलीस. फार कठीण होते ते."

मग त्याने दिला शब्द पाळला. ते तळ्यावर जात असता वाटेतल्या घराघरांतून माणसे अंग झाडत बाहेर येत होती. काठावर राणी इरावती धापा टाकत आली आणि काही न विचारता नावेत चढली.

पुढे त्या राज्यात रीत पडली. ज्याच्या घरी पाळणा हले, त्या आईबापांनी महिनाभर राजवाड्यात शिकायला यावे. पहिल्या दिवशी भरघोस मिशांचा सेनापती आला, कुशीत तान्ही लेक घेऊन.

"महाराज, ही रडू लागली तर आधी काय करू?"

"आधी चिलखत काढा," राजा म्हणाला, "आणि इथे माझ्याजवळ खाली बसा."