वाऱ्याचा डोळा

एका राज्यात, ऐका बरं, एकाही घराला खिडकी नव्हती. राजा वीरकेतूचा एकुलता मुलगा तापानं गेला. मांत्रिक पहिल्यापासून म्हणत होता, ताप वाऱ्यावरून आलाय. झालं! राजानं राज्यातली खिडकी न् खिडकी बुजवून घेतली. त्या दिवसापासून वारा जो पडला तो पडलाच. खळ्यांवर मळलेल्या राशी तशाच; उफणायला वारा नाही, भुसकट वेगळं होईना. धान्य डोळ्यांसमोर आणि माणसं उपाशी.

खिडक्या बुजवल्या होत्या साळू गवंडिणीनं. आता तिचीच लेकरं कोंडा चघळत होती. तिनं बर्फाळ मुलखातून आलेल्या राजहंसाला विचारलं, "वारा कुठं गेला?"

हंस म्हणाला, "आमच्याकडे खिडकीला विंडो म्हणतात. शब्द जुना, दर्यावर्दी लोकांनी आणलेला. ते भिंतीतल्या झरोक्याला वाऱ्याचा डोळा म्हणत, त्याचाच पुढं विंडो झाला. तू वाऱ्याचे डोळे बुजवलेस, बाई. तो आंधळा होऊन डोंगरात बसलाय."

साळू तडक डोंगरात गेली. वारा गुहेत चाचपडत होता. म्हणाला, "तीन डोळे दे. तुझ्या घरचा, मांत्रिकाच्या गढीचा आणि राजपुत्राच्या दालनाचा. मग येईन."

"माझ्या हातानं बुजवले, माझ्याच हातानं उघडीन."

घरची खिडकी तिनं चार घावांत फोडली. गढीची भिंत मंतरलेली. एक वीट काढावी तर जागेवर दुसरी उगवे. मांत्रिक गालात हसला. साळूनं भिंतीत आधी सागवानी चौकट ठोकली, मग आतल्या विटा काढल्या. चौकटीत भिंत शिरत नाही, हे त्या शहाण्याला काय ठाऊक? त्यानं जन्मात थापी धरली नव्हती.

तिसऱ्या ठिकाणी, राजपुत्राच्या दालनाच्या दाराशी, राजा तलवार उपसून उभा.

"या वाऱ्यानं माझं लेकरू नेलं."

"महाराज, शेवटी लेकरानं काय मागितलं होतं?"

राजानं तलवारीचं टोक जमिनीला टेकवलं. मग म्हणाला, "खिडकी उघडा म्हणाला. गुदमरतंय म्हणाला. मांत्रिकाचं ऐकून मी उघडली नाही."

साळूनं हातोडा त्याच्यापुढं धरला. "आता उघडा."

राजानं तलवार टाकली आणि रडत रडत घाव घातला. पहिली वीट पडली तसा वारा आत आला, सगळं दालन पाहून खळ्यांकडे धावला. वाऱ्याचं आंधळेपण फिटलं. घरोघरी सुपं हलली, चुली पेटल्या. राजाच्या हुकमानं मांत्रिक आजही साळूच्या हाताखाली विटा वाहतो, आणि बऱ्या वाहतो.

राजानं मुलाचा पलंग ओढत खिडकीपाशी नेला, त्यावर आडवा झाला, आणि मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा त्याला झोप लागली.