पाणी कोणी घालायचं?

युगांडातल्या एका खेड्यात जिल्ह्याचे साहेब आले. पोट पुढे, फायली मागे. म्हणाले, "आता गावचा कारभार गावाच्याच हाती! तुम्हीच ठरवा."

ग्रामसमितीच्या नाबविरेबाई म्हणाल्या, "ठरवलंय. हातपंप शाळेपाशी हवा. बायका तीन मैलांवरून पाणी आणतात."

"छान! पण माझी सही लागेल. वर्षभर थांबा."

जेवणाची वेळ झाली. तिथं पाहुण्याच्या हातावर यजमानीण पाणी घालते. साहेबांनी हात पुढे केले. बाई तांब्या धरून नुसत्याच उभ्या.

"अहो, पाणी घाला ना!"

"हात तुमचेच आहेत साहेब, खुशाल धुवा. पाण्याला तेवढी तुमची सही लागेल."

पंगत खदखदून हसली. साहेबांनी कोरड्या हातानंच पेन काढलं. देवा, अशा प्रत्येक साहेबाला अशीच यजमानीण भेटू दे!