एक हजार नऊ मण्यांची माळ

एका राज्यात, सात डोंगरांच्या पलीकडे, नदी होती. पण पाणी नव्हते. विदारण नावाच्या मांत्रिकाने ती नदी आपल्या गुहेत कोंडली होती.

त्याची अट अशी : हजाराहून अधिक मण्यांची माळ आणावी. त्याच्या मंतरलेल्या कात्रीला तिचे समान तुकडे करता आले नाहीत, तर नदी सुटेल. तुकडे झाले, तर माळ आणणारा दगड होईल. मणी सुटे सुटे करणे तेवढे अटीत बसत नव्हते.

राजा सुवर्मा एक हजार एक मण्यांची माळ घेऊन गेला. कात्रीने सात समान तुकडे केले. राजा दगड झाला. मग अरिंदम नावाचा शिपाई एक हजार तीन मणी घेऊन गेला. सतरा तुकडे झाले, एकोणसाठ एकोणसाठ मण्यांचे. तोही दगड झाला.

अरिंदमाची बायको कुंदा पटवेकरीण. माळा ओवणे हेच तिचे काम. ती रडली, मग डोळे पुसून अंगणात मणी मांडू लागली. पहिल्या दिवशी एक हजार पाच मणी पाच ओळींत बसले. दुसऱ्या दिवशी एक हजार सात मणी एकोणीस ओळींत बसले. तिसऱ्या दिवशी एक हजार नऊ मणी कुठल्याच ओळींत बसेनात! कुंदा धावतच गुहेकडे निघाली.

कात्री सपासप चालली. मणी उरले की माळ आपोआप जुळे, आणि दारावर बसून मोजणी करणारी साळुंकी ओरडे, "सात तुकडे, एक मणी उरला! तेरा तुकडे, आठ उरले!"

"एकतीस तुकडे, सतरा उरले!"

"आता थांबावे, मांत्रिकराज," कुंदा म्हणाली.

"का? अजून शेकडो वाटण्या बाकी आहेत!"

"एकही नाही. माझ्या धन्याच्या माळेचे सतरा तुकडे झाले, एकोणसाठ मण्यांचे. तिचेच एकोणसाठ तुकडे झाले असते, सतरा मण्यांचे. आता बत्तीस किंवा अधिक तुकडे केलेत, तर एकेकात बत्तीसहून कमीच मणी येतील. तशी वाटणी असती, तर उलट बाजूने ती आपल्याला आधीच सापडली असती."

विदारणाने साळुंकीकडे पाहिले. "ही खोटे बोलते ना?"

"नाही, धनी. ही माळ फुटायची नाही."

कडाड्! कात्रीची दोन पाती सुटी होऊन पडली, मांत्रिकाचा धूर झाला, आणि नदी गर्जत गुहेबाहेर झेपावली! पाणी लागताच दगड हलले. राजाने डोळे उघडले. अरिंदम ओलाचिंब उभा राहिला.

"कुंदे, कोणता मंत्र म्हटलास?"

"मंत्र नव्हे," ती हसत-रडत म्हणाली, "तीन दिवस मांडून पाहिले."

राजाने तिथल्या तिथे गुडघ्यांवर बसून विचारले, "बाई, मलाही दाखवशील?"