न विचारता सांगितलेली वाट

फार पूर्वी, म्हणजे डोंगरात मोटारी यायच्या आधी, लोक पायांनीच जग बघायचे. त्या काळी घाटाखालच्या एका गावात ठकूबाई नावाची बाई राहायची. साऱ्या गावाच्या गोधड्या ती शिवायची, आणि सुईपेक्षा जास्त टाके तोंडानं घालायची. गाव साधं, माणसं मायाळू. वाटेवरच्या प्रत्येक घरापुढं वाटसरूंसाठी पाण्याचा रांजण भरलेला असायचा. कुणाचा कोण, कुठला, हे कुणी विचारायचं नाही, माणूस पाणी पिऊन पुढं जायचा. आता कुठं राहिलंय म्हणा ते!

त्या गावाची एक रीत होती. घराबाहेर निघालेल्या माणसाला 'कुठं?' असं विचारायचं नाही. विचारलं की अपशकुन होतो, काम फिसकटतं, अशी सगळ्यांची पक्की समजूत. तुमच्याही घरात या शब्दावर डोळे वटारणारं कुणीतरी असेलच. म्हणून लोक आडून विचारायचे, "लांब का?" निघालेला म्हणायचा, "जरा लांब." झालं! विचारणाऱ्याचं समाधान, जाणाऱ्याची सुटका. आता जरा लांब म्हणजे शेजारचा मळा की काशी, ते देव जाणे.

या रीतीनं एकदा घात केला. गोदाक्का कुंभारणीचा मुलगा म्हादू हा अंगानं धट्टाकट्टा, कामाला वाघ, पण डोंगराचा भारी नादी. काम आवरलं की एकटाच रानात पळायचा. एका सकाळी तो असाच निघाला. अंगणात माती मळणाऱ्या आईनं मान वर करून विचारलं, "लांब का रे?" तो म्हणाला, "जरा लांब," आणि गेला.

संध्याकाळी म्हादू आला नाही. सगळं गाव शोधायला बाहेर पडलं, पण शोधणार कुठं? कुणी नदीकडं धावलं, कुणी देवराईत शिरलं. म्हादू होता अगदी उलट्या अंगाला, एका घळीत, पाय मोडून पडलेला. सापडला तोवर फार उशीर झाला होता. गोदाक्कानं ऊर बडवून घेतला, आणि त्यानंतर ती गावात कुणाशी फारशी बोललीच नाही.

पाटलांनी गाव चावडीवर जमवलं. "आजपासून कुणी एकट्यानं डोंगर चढायचा नाही," ते म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. 'कुठं?' न विचारण्याच्या रीतीबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. ती जशीच्या तशी राहिली. माणसाचं असंच असतं बघा, काटा रुततो पायात आणि हा औषध लावतो हाताला.

पुढं काही वर्षं गेली. एका भादव्यात मध काढणारे लोक खबर घेऊन आले, वरच्या पठारावर कारवी फुलली आहे. कारवीचं झुडूप सात वर्षांनी एकदाच फुलतं, हे तुम्हाला ठाऊक असेल. खबर ऐकली आणि ठकूबाईच्या हातातली सुई थांबली.

लहान असताना एका बहराच्या वर्षी बापानं तिला खांद्यावर बसवून पठारावर नेलं होतं. खाली बघावं तिकडं जांभळं आणि निळं, एवढंच तिच्या लक्षात होतं. पुढचा बहर आला तेव्हा ती नवी नवरी होती, सासरी कोण सोडणार? त्याच्या पुढच्याला ती बाळंत होती. एकदा सासू अंथरुणाला खिळलेली. एकदा मात्र बायकांचा घोळका जमवून ती निघाली होती. पण एकीचे पाय दुखले, दुसरीला भूक लागली, तिसरीला दूध काढायची वेळ आठवली, आणि सगळ्या अर्ध्या डोंगरावरून माघारी आल्या. त्या दिवशी ठकूबाई इतकी चिडली होती की तिनं शिवलेली गोधडी उसवून पुन्हा शिवली.

आता तिचे गुडघे कुरकुरायला लागले होते. हा बहर चुकला तर पुढच्याला पाय साथ देतील की नाही, याचा काय भरवसा? तिनं शेजारणीला विचारलं, ती म्हणाली, "गौरी गणपती होऊ देत." नणंदेला विचारलं, ती म्हणाली, "गाय विणार आहे." घरधनी बैलबाजाराला गेलेला, तो परतेपर्यंत फुलं गळून गेली असती. मुलं आपापल्या संसारात. ठकूबाईनं मनाशी ठरवलं, जायचं, आणि एकटीनंच जायचं. कुणाला कळू द्यायचं नाही म्हणजे कुणी अडवायला नको.

उजाडता उजाडता ती भाकरी, पाण्याचा भोपळा आणि काठी घेऊन निघाली. गावाच्या टोकाला गोदाक्काचं घर. ती अंगणात माती मळत होती. पावलं ऐकून तिनं मान वर केली आणि सवयीनं विचारलं, "लांब का गं?"

"जरा..." ठकूबाईच्या तोंडून निघालं आणि ती तिथंच थबकली. याच अंगणात, याच बाईला, तिचा मुलगा हेच उत्तर देऊन गेला होता. पुन्हा तेच उत्तर फेकून पुढं जायला ठकूबाईची जीभ रेटेना. एकीकडं डोंगर, दुसरीकडं गोदाक्काचा चेहरा. सांगितलं तर ही बोंब मारून गाव गोळा करणार आणि फुलं बघायची राहणार ती राहणारच!

ठकूबाई अंगणात शिरली आणि खाली बसली. "गोदाक्का, कुठं ते तू विचारणार नाहीस. मीच सांगते. कारवी बघायला निघाले. एकटी."

गोदाक्काचे मातीचे हात तसेच राहिले. "अगं बाई! तुला काय वेड लागलंय का?"

"असेल. पण नीट ऐक. धनगरवाड्यावरून जाणार, पाण्याच्या टाक्यापाशी थांबणार, तिथून पठार. त्याच वाटेनं खाली येणार, दुसरी वाट धरणार नाही. गुरं परत येतील तेव्हा मी दिसले नाही, तर पाटलांना सांग."

"आणि मी आत्ताच सांगितलं तर?"

"तर मी घरी जाईन. आणि उद्या मागल्या दारानं कुणाला न सांगता निघेन. माझा स्वभाव मला ठाऊक आहे."

गोदाक्का रागानं लाल झाली. "मला कशाला सांगितलंस मेले? आता दिवसभर माझा जीव टांगणीला!"

"म्हणून तर सांगितलं," ठकूबाई म्हणाली. "खाली कुणाचा तरी जीव टांगलेला असला की वर माणूस पाय जपून टाकतं."

गोदाक्कानं हातातला मातीचा गोळा दाणकन आपटला. मग तिची नजर ठकूबाईच्या पायांकडं गेली. "त्या गुळगुळीत वहाणा काढ," ती म्हणाली, "ओल्या कातळावर घसरशील. माझ्या घाल." एवढं बोलून तिनं तोंड फिरवलं, आणि ठकूबाईनं ते होकार समजून घेतलं.

वाट चढायला लागली आणि ठकूबाईला फार वर्षांनी एक गंमत कळली. तिला कुणी घाई करत नव्हतं, कुणी थांबवत नव्हतं. दम लागला की ती बसत होती, वाटलं की उठत होती. धनगरवाड्यावर एका अनोळखी बाईनं ताक दिलं आणि दोघी जन्माची ओळख असल्यासारख्या सुना या विषयावर बोलल्या. घोळक्यात असती तर ही बाई तिला भेटलीच नसती.

पुढं एक गोड बोलणारा माणूस भेटला. "एकट्याच का बाई? मुक्काम कुठं? घरी कोण असतं?" त्यानं एका दमात विचारलं. ठकूबाईला त्याची नजर आवडली नाही. "माणसं मागून येतायत," ती म्हणाली, आणि तो दिसेनासा होईपर्यंत धनगरवाड्याच्या हाकेच्या अंतरातच उभी राहिली. खोटं बोलली का? बोलली! वाटेवरच्या प्रत्येकाला आपली खरी हकीकत सांगायला ती काही देवळात उभी नव्हती.

आणि मग पठार आलं. कारवी तिच्या खांद्याएवढी होती. लहानपणी तिनं ती वरून बघितली होती, आज ती तिच्यात बुडाली. निळी, जांभळी फुलं गालाला लागत होती, मधमाश्यांचा नुसता घुमारा चालला होता. त्या आवाजात तिला बापाचा आवाज आठवला. चेहरा आठवायचा, पण आवाज ती कधीच विसरून गेली होती. तो तिला 'ठके, धर घट्ट' म्हणायचा. ठकूबाई तिथं बसून पोटभर रडली. कुणी 'का रडतेस' विचारायला नव्हतं, म्हणून तिला नीट रडता आलं. रडून झाल्यावर भाकरी खाल्ली. एवढी गोड भाकरी तिनं आयुष्यात खाल्ली नव्हती.

उतरताना धुकं आलं. टाक्यापाशी दगड निसटला आणि ठकूबाईचा पाय मुरगळला. जपून चालणाऱ्याचाही मुरगळतो कधीकधी. पाऊल टेकवेना. तिथून एक आडवाट घळीतून थेट गावाकडं उतरायची, बसत घसरत गेलं तर निम्मं अंतर वाचलं असतं. ती वाट तिला खुणावत होती. अंधार पडायच्या आत घर गाठावं असं कुणाला वाटणार नाही?

ती दोन पावलं त्या बाजूला सरकलीसुद्धा. मग थांबली. "गोदाक्काला ही वाट सांगितली नाही," ती मोठ्यानं म्हणाली. "सांगितलेली वाट सोडायची, तर सांगितलं कशाला?" ती टाक्याच्या काठाला पाठ टेकून बसली. भीती वाटत होती, खोटं कशाला बोला? थंडीही वाजत होती. पण ती तिथून हलली नाही.

अंधार पडल्यावर कितीतरी वेळानं खालून पलित्यांचा उजेड दिसला आणि हाका ऐकू आल्या. तिनं जीव खाऊन ओ दिली. धुक्यातून सगळ्यांत आधी वर आली ती गोदाक्का, अनवाणी, कोपरापर्यंत माती तशीच. मागून पाटील आणि गावातले गडी. गोदाक्कानं तिला मिठी मारली आणि हुंदक्यांतून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, "या वेळी मला ठाऊक होतं गं, कुठं बघायचं ते!"

ते ऐकून पाटलांनी मान खाली घातली. गड्यांनी ठकूबाईला पाळीपाळीनं पाठुंगळी घेऊन खाली आणलं. दुसऱ्या दिवशी पाटील चावडीवर म्हणाले, "चूक एकटं जाण्याची नव्हती. आपल्याला म्हादूची वाट ठाऊक नव्हती, ही चूक होती. 'कुठं?' आपण विचारणार नाही, रीत ती रीत. पण निघणाऱ्यानं आपणहून सांगून जावं."

कुणी काही बोलायच्या आत गोदाक्का उठली. "मग मीच सांगते. उद्या उजाडता मी पठारावर जाणार. ठकूच्याच वाटेनं, आणि त्याच वाटेनं गुरांच्या आधी परत. एकटी. माझं लेकरू डोंगराकडं का पळायचं, ते मला एकदा बघायचंय. सोबत नको."

पाटलांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यापासून सगळ्या गावाला वेशीपाशी काही ना काही काम निघालं. ठकूबाई तर सुजलेला पाय बाजेवर ठेवून वेशीतच गोधडी शिवत बसली होती. गुरं यायच्या आधी गोदाक्का सांगितलेल्या वाटेनं खाली आली. केसांत निळ्या पाकळ्या अडकलेल्या, डोळे सुजलेले, आणि चेहरा मात्र कित्येक वर्षांनी हसरा. ती ठकूबाईच्या शेजारी टेकली.

"वेडा नव्हता गं माझा म्हादू," ती म्हणाली.

तात्पर्य: एकट्यानं जरूर जावं, कारण काही गोष्टी एकट्यालाच भेटतात. पण ज्याचा जीव आपल्यासाठी तुटेल, त्यानं न विचारताही त्याला आपली वाट सांगून जावं, आणि सांगितलेली वाट सोडू नये.