हरबा बकुळाला शाळेत घालतो

एका गावात हरबा नावाचा एक भोळा माणूस राहायचा. बैलांचा व्यापार करायचा. बैल त्याला अचूक कळत. बाकी सगळं जग त्याला जसं सांगावं तसंच कळे.

त्याची मुलगी बकुळा शाळेत जायच्या वयाची झाली, आणि नेमकी त्याच साली गावातली शाळा बंद पडली. तालुक्याला तीन इंटरनॅशनल शाळा होत्या. हरबाची बायको हौसा म्हणाली, "अवं, प्रवेश बंद व्हायला आलेत. राहिला तर पोरगी वर्षभर शेळ्यांमागं फिरंल. उद्याच जावा. बैल घेताना पारखता ना, तशी नीट पारख करा."

"बरं," हरबा म्हणाला.

पहिल्या शाळेचे मुख्याध्यापक टाय लावून दारातच उभे होते. बकुळाला बाजूला उभं करून हरबानं त्यांच्याभोवती एक फेरी मारली. म्हणाला, "जरा चालून दाखवा."

मुख्याध्यापक चालले. त्यांना वाटलं, पालकांची काही नवी पद्धत असेल.

"आता तोंड उघडा."

तेही उघडलं. हरबानं ओठ वर करून दात पाहिले. "चालीला बरे आहात, पण वय झालंय," म्हणाला. मग खांद्यावरचं उपरणं त्यांच्या हातावर टाकलं आणि बैलबाजारात करतात तशी आतून बोटं दाबून भाव सांगितला.

शिपायानं बापलेकीला फाटकाबाहेर पोचवलं.

हौसानं कपाळावर हात मारून घेतला. "मास्तराचे दात बघतात व्हय? शिकल्यासवरल्या माणसापुढं मान खाली घालावी. म्हणतील त्याला हो म्हणावं."

"बरं."

दुसऱ्या शाळेत चष्मेवाल्या बाई होत्या. हरबा मान खाली घालून बसला.

"मुलगी शांत बसते ना?"

"हो जी."

"की दंगा करते?"

"हो जी."

बाईंनी चष्मा सारखा केला. "कुणाला चावते बिवते का?"

"हो जी."

बकुळानं त्याचं धोतर ओढलं. "आबा, मी कुणाला चावले?"

"मान खाली घाल," हरबा कुजबुजला.

"मग हिला आमच्याकडे जागा नाही," बाई म्हणाल्या.

"हो जी, हो जी."

घरी येऊन हरबानं आनंदानं सांगितलं, की सगळं कसं बिनविरोध पार पडलं. हौसानं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "ऊठसूट हो म्हणू नका. कुणी काही म्हटलं तर सांगा, बायकोला विचारून सांगतो."

"बरं."

तिसरी शाळा एका छोट्या बंगल्यात होती. मुलं मोजकीच. वाळूत खेळत होती. बाई हसत पुढं आल्या. "या ना, आत या."

"बायकोला विचारून सांगतो," हरबा म्हणाला, आणि बकुळाला घेऊन एसटीनं घरी आला.

"आत बोलावतात. जाऊ का?"

"जावा की!" हौसाची भाकरी करपली.

तो परत गेला. बाई म्हणाल्या, "बसा."

"बायकोला विचारून सांगतो."

कंडक्टरनं विचारलं, "पाव्हणं, काय विसरलं का?"

"बायकोला विचारून सांगतो."

त्या दिवशी एवढंच काम झालं. पण रात्री जेवताना बकुळा म्हणाली, "आई, ती शाळा लहान आहे. बाई सगळ्यांना नावानं हाक मारतात."

"मग हीच शाळा," हौसा म्हणाली. "लहानच बरी, पोरीकडं लक्ष राहील. अवं, उद्या शेवटचा दिवस आहे. पोरीला वर्गात बसवल्याबिगर माघारी यायचं नाही. आणि सारखं मला विचारायला येऊ नका. फारच अडलं तर त्यांनाच इकडं घेऊन या."

"बरं."

या वेळी हरबा आपला बैलांचा टेम्पो घेऊन गेला. बाईंनी लगेच प्रवेश दिला. बकुळा वर्गात बसलीसुद्धा. बाईंनी सहज विचारलं, "हिला डब्यात काय आवडतं?"

हरबाचं अडलं. खूप विचार केला, तरी अडलेलंच.

"बाई, चला घरी. बायकोला विचारू."

"अहो, मुलांना सोडून कशी येऊ?"

"मग त्यांनाही घ्या."

बैलांचा टेम्पो म्हटल्यावर मुलं बाईंच्या आधी चढून बसली. बाई म्हणाल्या, "बरं, सहल म्हणू या," आणि मुलांमागून चढल्या.

वर्गात बकुळा उठली. "आबा, मी?"

"तू बस. तुला बसवल्याबिगर यायचं नाही, असं आईनं सांगितलंय."

बकुळा हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून पुन्हा बसली.

टेम्पो अंगणात थांबला. बाई उतरल्या. मुलं उतरली. एकाच्या हातात पृथ्वीचा गोल होता. तो त्यानं शेळीला दाखवला.

"हौसा, बकुळाला डब्यात काय आवडतं?" हरबानं विचारलं.

"थालीपीठ," हौसा म्हणाली. तिनं सगळी तोंडं एकदा न्याहाळली. मग पुन्हा न्याहाळली. "अवं, बकुळा कुठाय?"

"शाळेत."

"एकटी?"

"झाडलोटीच्या मावशी आहेत की."

हौसा मटकन खालीच बसली. बाईही तिच्या शेजारी बसल्या.

"घाबरतीस काय?" हरबा म्हणाला. "तुला लहान शाळा पाहिजे होती ना? तिच्याहून लहान शाळा आता साऱ्या तालुक्यात नाही. वर्गात आपली पोरगी एकटीच आहे. पहिला नंबर पक्का!"