तिसरी तांबडी रेघ

एका राज्यात डोंगर होते, डोंगरांवर धुकं होतं, आणि धुक्यात सरदार फर्गसची दगडी गढी होती. गढीत बायको मोराग आणि लेक इस्ला.

त्या डोंगरांची एक रीत होती. दर घराण्याची लोकरीची शाल निराळ्या चौकडीची. चौकडी बघावी, घराणं ओळखावं. मोराग मागावर शाल विणायची, पण तिसरी तांबडी रेघ दर खेपेला चुकायची.

फर्गस म्हणायचा, "अगं, तुला धागे मोजता येत नाहीत का?"

ती म्हणायची, "पांघरायची तर पांघरा, नाहीतर बसा कुडकुडत."

पुढे राजानं फर्गसला दरबारी नेलं. माणूस हसरा, बोलका. त्याच्यावाचून राजाला घास गोड लागेना. मग राजानं काय करावं? मांत्रिकाकडून सोन्याचा पेला मंतरून घेतला नि फर्गसला पाजला. तो पिताच फर्गस घर विसरला.

दोन हिवाळे सरले. एक डोमकावळा गढीवर बसला नि म्हणाला, "बाई, धनी तुला विसरला. घरच्या तीन खुणा घे, दरबार गाठ."

मोराग लेकीला घेऊन निघाली, दरबारात उभी राहिली. मांत्रिक म्हणाला, "तीन खुणा दाखव. एकीनं ओळख पटली तर धनी तुझा. नाही पटली तर मायलेकी दगड व्हाल."

"होऊ," मोराग म्हणाली.

पहिली खूण, जवाची भाकरी. फर्गसनं खाल्ली. "गोड आहे हो, बाई." मायलेकींचे पाय दगडाचे झाले.

दुसरी खूण, कातडी पिशवीचा पावा. बापानं शिकवलेली चाल इस्लानं वाजवली. "पोर गुणाची. कुणाची म्हणायची?" दगड कमरेपर्यंत चढला.

तिसरी खूण, शाल. दरबारात हसं नको म्हणून मोरागनं ती धागा धागा मोजून विणली होती. एक रेघ चुकली नव्हती.

फर्गसनं शाल हाती घेतली. उलटी केली, सुलटी केली, उजेडात धरली. कपाळाला आठ्या पडल्या.

"काय शोधतोस?" राजानं विचारलं.

"महाराज, चौकडी माझ्या घरची. पण तिसरी तांबडी रेघ सरळ आहे."

"मग चांगलंच की!"

"चांगलं कसलं, महाराज? अगं मोराग, तुला बरं नाही का?"

पेला तडकला. दगड मातीसारखा गळून पडला.

"जन्मभर चूक काढलीत," मोराग डोळे पुसत म्हणाली, "आणि आज चूक नाही तर जीव घाबरा झाला!"

"आई, बाबांना आत्ताच तर आठवलंय. भांडण घरी गेल्यावर कर," इस्ला म्हणाली.

राजा सिंहासनावरून खाली उतरला. "बाई, चूक माझी. मी एकटा होतो."

"एकटे होतात तर आमच्याकडे जेवायला यायचं, महाराज. पेले कशाला मंतरायचे?"

राजानं मान खाली घातली. मांत्रिकाला मेंढ्या राखायला धाडलं. हुकूम काढला, की सरदारांनी हिवाळा दरबारी काढावा, बाकी वर्ष आपल्या घरी. आणि दर वसंतात राजा स्वतः गढीवर जवाची भाकरी खायला जाऊ लागला.

मोरागनं त्यालाही एक शाल विणून दिली. तिसरी तांबडी रेघ चुकली. राजा ती भर दरबारात मिरवतो.

राजाला घरोबा मिळाला, लेकीला बाप मिळाला. तुमचंही कुणी दूर गुंतलं असेल, त्याला घरची खूण पटो.